कथेतली बाई काय करते? : लघुकथा आणि स्त्री-पुरुषांच्या ठरलेल्या भूमिका

आजचा विषय आपल्या मालिकेत थोडा वेगळा आहे. एरवी आपण तत्त्वज्ञानातल्या संकल्पना घेतो आणि त्यांची फोड करतो. आज आपण गोष्टी घेणार आहोत. चारच घेऊ, पण जरा नीट वाचू. प्रश्न असा की लघुकथेत बाईची भूमिका आणि पुरुषाची भूमिका कशी रंगवली जाते, आणि ती वाचताना आपण वाचक म्हणून नेमकं काय करत असतो.

या विषयावर बोलायला लागलं की चर्चा लगेच एका ठरावीक वळणावर जाते. अमुक कथेतली नायिका 'कणखर' आहे, तमुक कथेतली 'सोशिक' आहे. कणखर असेल तर कथा पुरोगामी, सोशिक असेल तर कथा प्रतिगामी. म्हणजे शाळेच्या प्रगतिपुस्तकासारखं झालं. आमचं म्हणणं असं आहे की ही मोजपट्टी फार दूर नेत नाही. सोशिक बाईची कथा अत्यंत जळजळीत असू शकते, आणि कणखर बाईची कथा पुरुषाच्या मनातलीच एक इच्छा रंगवणारी असू शकते. तेव्हा बाई कशी 'आहे' यापेक्षा ती काय 'करते', ते कुणाच्या नजरेतून दिसतं, आणि त्याची किंमत कोण मोजतं, हे तीन प्रश्न आपण हातात घेऊ.

आधी थोडं तत्त्वज्ञान, कारण त्याशिवाय पुढचं नीट उलगडत नाही. 'बाई सोशिक असते' हे वाक्य बघा. व्याकरणाच्या दृष्टीनं हे वर्णन आहे. 'पाणी शंभर अंशाला उकळतं' तसंच. पण घरात हे वाक्य कधी उच्चारलं जातं? कुणी तरी सोसायला नकार देत असतं तेव्हा. म्हणजे ते वर्णनाच्या वेशातली आज्ञा आहे. 'आहे' म्हणत म्हणत 'असलं पाहिजे' सांगितलं जातं. जॉन स्टुअर्ट मिल यांनी १८६९च्या त्यांच्या ग्रंथात हाच मुद्दा मांडला : स्त्रीचा स्वभाव म्हणून जे दाखवलं जातं ते शतकानुशतकं वळण लावून तयार केलेलं आहे, आणि वळण लावणारेच मग त्याला निसर्ग म्हणतात. भूमिका म्हणजे हेच. नाटकातल्या नटाला ठाऊक असतं की आपण भूमिका करतोय. घरातल्या माणसाला तेवढीही सवलत नसते.

आता लघुकथाच का घ्यायची? कारण तिच्याकडे जागा कमी असते. कादंबरीकार सासूला शंभर पानं देऊ शकतो. कथाकार 'सासू' एवढा एक शब्द लिहितो आणि उरलेली सासू वाचक आपल्या पदरची घालतो. म्हणजे कथेची काटकसर वाचकाच्या गृहीतांवर चालते. आपल्या व्रतांच्या कहाण्या आठवा. आटपाट नगर, राजा, आवडती राणी, नावडती राणी. नावडती का नावडती, हे बहुतेक वेळा सांगावंही लागत नाही. ऐकणारीला ते माहीत असतं. लघुकथेला ही सोय वारशानं मिळालेली आहे. चांगला कथाकार ही सोय वापरतो, आणि वापरता वापरता तिच्यावरच बोट ठेवतो. हे कसं होतं, ते आता बघू.

पहिली कथा चेखॉव्हची. रशियन नाव 'दुशेच्का', इंग्रजीतून आपल्याकडे 'द डार्लिंग' म्हणून ओळखली जाते. १८९९ साली प्रसिद्ध झाली. ओलेंका नावाची एक गोड, प्रेमळ बाई. तिला कुणावर तरी प्रेम केल्याशिवाय राहवत नाही. पहिला नवरा कुकिन, करमणुकीची बाग आणि नाटकमंडळी चालवणारा. त्याच्याशी लग्न झाल्यावर ती लोकांना सांगत सुटते की जगात नाटकासारखं महत्त्वाचं काही नाही. तो मरतो. दुसरा नवरा लाकडाचा व्यापारी. आता तिला स्वप्नातसुद्धा फळ्या आणि ओंडके दिसतात, नाटक म्हणजे रिकामटेकडेपणा वाटतो. तोही मरतो. मग लष्करातला एक पशुवैद्य येतो, आणि ती गुरांच्या रोगांवर बोलू लागते. तो निघून गेल्यावर तिच्याकडे कशाबद्दलही मत उरत नाही. पाऊस पडताना दिसतो, पण पावसाबद्दल काय म्हणायचं ते कळत नाही. शेवटी त्या पशुवैद्याचा शाळकरी मुलगा तिच्या घरी राहायला येतो, आणि ती त्याचे भूगोलाचे धडे स्वतःचं मत असल्यासारखी बोलू लागते.

या कथेवर टॉलस्टॉयचा फार जीव होता. त्यांनी ती आपल्या वाचनसंग्रहात घेतली आणि तिला एक टिपण जोडलं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं : बायबलात बलाम नावाचा माणूस शाप द्यायला जातो आणि त्याच्या तोंडून आशीर्वाद निघतो. चेखॉव्हचंही तसंच झालं. त्याला ओलेंकाला हसायचं होतं, पण त्याच्यातल्या कवीनं तिला गौरवलं, कारण असं स्वतःला विसरून प्रेम करणं हेच स्त्रीचं सर्वांत मोठं काम आहे. उलट बाजूनं अनेक वाचक म्हणतात, छे, ही कथा म्हणजे पोकळ बाईची टिंगल आहे. म्हणजे एक बाजू म्हणते देवी, दुसरी म्हणते बिनडोक. गंमत अशी की दोन्ही बाजूंना एक गोष्ट मान्य आहे : ओलेंका फक्त प्रेम करते.

पण कथा पुन्हा काढून बघा. चेखॉव्हनं काय लिहिलंय? कुकिनच्या बागेत ओलेंका कचेरीत बसते, हिशेब ठेवते, पगार वाटते. लाकडाच्या वखारीत नवरा कामासाठी बाहेर पडला की ती संध्याकाळपर्यंत कचेरीत बसून हिशेब लिहिते, माल रवाना करते. दोन अगदी वेगळे धंदे ही बाई सांभाळते. हे सगळं कथेत आहे, दोन-चार वाक्यांत आहे, आणि शंभराहून अधिक वर्षं वाचक त्यावरून पुढे सरकतात. गावातले लोक तिच्याकडे बघून 'किती लाघवी!' म्हणतात, 'हिशेबाला पक्की' असं कुणी म्हणत नाही. टॉलस्टॉयसारखा वाचकही गावकऱ्यांच्याच ओळीत उभा राहतो.

आणि आता पुरुषांकडे बघू. कुकिनची मतं कुठून आली? नाटकधंद्यातून. लाकूडवाल्याची? लाकडातून. पशुवैद्य बोलतो ते जनावरांच्या दवाखान्यातलं. यातल्या एकाचंही मत धंद्याच्या बाहेरचं नाही. तरी त्यांना आपण पोकळ म्हणत नाही, कारण पुरुषानं धंद्यातून मत उचललं तर तो अनुभव ठरतो, आणि बाईनं नवऱ्याकडून उचललं तर ती नक्कल. एक प्रसंग तर फार बोलका आहे. पशुवैद्याचे सहकारी घरी येतात, ओलेंका गुरांच्या साथीबद्दल बोलू लागते, आणि तो नंतर तिचा हात धरून रागानं बजावतो की तुला कळत नाही त्यात बोलू नकोस. म्हणजे प्रेम कर, पण माझं जे आहे ते तोंडानं बोलू नकोस. आणि शेवटी तो लहान मुलगा. मावशी शाळेपर्यंत मागे मागे येते याची त्याला लाज वाटते, तो तिला परतायला सांगतो. कथा संपते ती त्याच्या झोपेतल्या दरडावण्यानं, भांडणातल्या शब्दांनी. पोरगं पुरुष व्हायला लागलंय, एवढंच चेखॉव्ह दाखवतो आणि थांबतो. तेव्हा ही कथा गौरवाची नाही आणि टिंगलीचीही नाही. एखाद्या माणसाला स्वतःचं काम असं म्हणता येईल असं काहीच दिलं नाही, तर त्याच्या प्रेमाचं काय होतं, याची ती कथा आहे.

दुसरी कथा रवींद्रनाथांची, 'स्त्रीर पत्र'. १९१४ सालची. त्याच वर्षाच्या सुरुवातीला कलकत्त्यात स्नेहलता नावाच्या मुलीनं वडिलांवर हुंड्याचं ओझं नको म्हणून जाळून घेतलं होतं आणि बंगाल हादरला होता. कथा म्हणजे एक पत्र आहे. पंधरा वर्षांच्या संसारानंतर मृणाल, घरची मधली सून, जगन्नाथपुरीहून नवऱ्याला पहिलंच पत्र लिहिते. मोठ्या जावेची अनाथ बहीण बिंदू आश्रयाला येते. तिला वेड्या माणसाशी लग्न लावून घराबाहेर काढलं जातं, ती पळून येते, परत पाठवली जाते, आणि अखेर जाळून घेते. मृणाल त्या घरात परतायला नकार देते.

इथे दोन गोष्टी ध्यानात घ्या. एक, कथेत खलपुरुष नाही. नवऱ्याच्या चारित्र्यात खोट नाही, खाण्यापिण्याची ददात नव्हती, हे मृणाल स्वतःच कबूल करते. तरी एका मुलीचा जीव जातो. भूमिका चोख बजावल्या गेल्या की क्रौर्याला वाईट माणसाची गरजच पडत नाही, हे रवींद्रनाथांनी पकडलं. दोन, मोठी जाऊ. बिंदू तिची सख्खी बहीण. पण सासरी आपल्या माहेरचं माणूस ओझं होतंय या भीतीनं ती बिंदूला मोलकरणीसारखं राबवते, माया असूनही दाखवत नाही. बाईच बाईची वैरी, असं आपण किती सहज म्हणतो! ही कथा वाचल्यावर ते म्हणणं जड जातं. वैर कुठेच नाही. त्या घरात टिकून राहण्याचा तेवढा एकच मार्ग त्या बाईला ठाऊक आहे.

कथेवर वादळ उठलं. बिपिनचंद्र पाल यांनी तर उत्तरादाखल 'मृणालेर कथा' लिहिली. राष्ट्रीय चळवळीतल्या एवढ्या मोठ्या नेत्याला एका काल्पनिक सुनेच्या पत्राला उत्तर द्यावंसं वाटावं, यातच कथेची ताकद कळते. आता एक आक्षेप आजही घेतला जातो : मृणाल पुरीत राहणार म्हणजे खाणार काय? कथा ते सांगत नाही. आक्षेप रास्त आहे. पण तो घेताना एक ताळा करून बघावा. संसार सोडून निघालेल्या पुरुषाच्या कथेत हा प्रश्न आपण विचारतो का? तिथे आपण वैराग्य म्हणतो आणि हात जोडतो.

आता आपल्या मराठीकडे येऊ. इथे कुणी तरी म्हणेल की जुन्या कथांना आजचे निकष लावणं अन्यायाचं आहे. हे निकष आजचे नाहीतच. सुरतेच्या विजयालक्ष्मी नावाच्या विधवेच्या खटल्यानंतर उसळलेल्या चर्चेला उत्तर म्हणून ताराबाई शिंदे यांनी १८८२ साली 'स्त्री-पुरुष तुलना' लिहिली. त्यात त्यांनी आपल्या काळातल्या नाटक-कादंबऱ्यांमधल्या बायकांच्या चित्रणाचीही झडती घेतली. म्हणजे मराठी गद्यकथा अजून रांगत होती तेव्हाच हा प्रश्न विचारला गेला होता. आपण तो ऐकला नाही, ही गोष्ट वेगळी.

१९३३ साली 'कळ्यांचे निःश्वास' हा कथासंग्रह आला. लेखिका विभावरी शिरूरकर. हे टोपणनाव, पुढे कळलं की त्या बाळूताई खरे, नंतरच्या मालती बेडेकर. खळबळ एवढी उडाली की कथांपेक्षा लिहिणारं कोण याचाच शोध जास्त घेतला गेला. कथांत होतं काय? शिकलेल्या, मिळवत्या, लग्न लांबलेल्या मुली आणि त्यांची घुसमट. समाजानं मुलीला शिक्षण दिलं, नोकरी दिली, आणि भूमिका मात्र जुनीच ठेवली. ती मुलासारखी मिळवते, पण मुलाचा शब्द तिला नाही. मुलीसारखी आज्ञेत राहते, पण मुलीचं लग्न ठरवण्याची घाई आता कुणाला नाही. दोन्ही भूमिकांतली कर्तव्यं तिच्याकडे आणि दोन्हींतले हक्क दुसऱ्यांकडे. नव्वदहून अधिक वर्षं झाली. आजच्या कुठल्याही घरातली नोकरी करणारी सून संध्याकाळी साडेसातला चपला काढून थेट ओट्यापाशी जाते, तेव्हा हे गणित किती बदललं ते आपलं आपणच ताडून बघावं.

पण अजूनपर्यंत आपण ज्या घरांत हिंडलो ती एका विशिष्ट थरातली घरं होती. तिथे बाई उंबऱ्याच्या आत असते हे गृहीत धरलेलं होतं. जिला पोटासाठी रोज उंबऱ्याबाहेरच जावं लागतं तिचं काय? हा प्रश्न दलित कथेनं विचारला आणि 'स्त्रीची भूमिका' हा शब्दच किती अपुरा आहे हे दाखवलं. म्हणून शेवटच्या दोन कथा जोडीनं वाचू.

बाबूराव बागूल यांची 'आई'. वर्गात आईच्या थोरवीची कविता शिकवली जातेय, आणि त्याच वर्गातली पोरं पांडूला त्याच्या आईवरून हिणवतात, कारण त्या विधवा बाईचा मुकादमाशी संबंध असल्याची वस्तीत चर्चा आहे. नवरा जिवंत असताना संशय घ्यायचा, आता पोरगा संशयानं बघतो. बागूल काय करतात बघा : कवितेतली आई आणि झोपडीतली आई एकाच दिवसात शेजारी ठेवतात. कवितेतल्या आईला शरीर नाही, भूक नाही, एकटेपणा नाही. खऱ्या बाईला हे सगळं आहे, आणि तिच्या मुलाच्या हातात तिला मोजायला त्या कवितेचं माप आहे. कथेच्या शेवटी मुलगा दूर जातो आणि ती मात्र अडकून राहते. आई या शब्दाची थोरवी जितकी उंच, तितकी जिवंत बाई त्यात कमी मावते. किंमत कोण मोजतं, हा आपला तिसरा प्रश्न इथे सर्वांत बोचतो.

आणि उर्मिला पवार यांची 'कवच'. इथेही शाळकरी मुलगा आहे, इथेही त्याच्याच डोळ्यांनी आपण आईकडे बघतो. आई कोकणातल्या बाजारात आंबे विकते. गिऱ्हाइकं आंब्यांच्या आडून तिच्या अंगावर घाणेरडं बोलतात. मुलाला शरम वाटते, भीती वाटते. पण आई आणि तिच्यासोबतच्या बायका त्याच भाषेत असं उलटवतात की बोलणारा गप्प होतो. शीर्षकातलं कवच मुलाला हळूहळू कळत जातं. ही कथा अभ्यासक्रमात आली तेव्हा तिच्यावर अश्लीलतेचा आक्षेप घेतला गेला. आता बघा, घाण कुणी बोललं? बाजारातल्या पुरुषांनी. आक्षेप कशावर आला? बाईनं ती कथेत लिहून दाखवली यावर. 'सभ्य स्त्री असं बोलत नाही' हे पुन्हा तेच, वर्णनाच्या वेशातली आज्ञा.

दोन मुलगे, दोन आया. पहिला जगाच्या डोळ्यांनी आईकडे बघायला शिकतो. दुसरा आईच्या बाजूनं जगाकडे बघायला लागतो. आमच्या मते मराठी लघुकथेतला या विषयावरचा सर्वांत महत्त्वाचा प्रवास या दोन मुलांच्या मधल्या अंतरात आहे. कारण इथे फक्त बाई बदलत नाही, पुरुष घडण्याची रीतच तपासली जाते. चेखॉव्हचा झोपेत दरडावणारा मुलगा आठवतोय ना? तोच धागा आहे.

प्रश्नोत्तरांत एक प्रश्न हमखास येणार, म्हणून तो आत्ताच घेऊ. 'साहित्याला असे सामाजिक निकष लावले की त्यातला रस जात नाही का?' जातो, जर आपण निकाल आधी ठरवून कथा नुसती पुराव्यासाठी उपसली तर. पण ओलेंकाचे हिशेब दिसले तेव्हा रस वाढला की कमी झाला? मोठ्या जावेची कोंडी कळली तेव्हा? आपण कथेत काही घुसडलं नाही. जे लिहिलेलं होतं तेच वाचलं. आपल्या डोळ्यांवर झापड होती म्हणून ते निसटत होतं. तेव्हा असं वाचन साहित्याच्या बाहेरचं आहे असं आम्हाला वाटत नाही. नीट वाचणं म्हणतात ते हेच.

यात पणाला काय लागलंय, तेही स्पष्ट सांगायला हवं. ज्या वाचकाला कागदावरच्या बाईचे कष्ट दिसत नाहीत, त्याला स्वयंपाकघरातल्या बाईचे दिसतील ही आशा कमीच. आणि जो कथेतल्या त्यागाला सहज टाळी देतो, तो घरातल्या कुणाकडून तरी तोच त्याग नकळत मागत असतो. त्याग वाईट असं नाही. पण तो कुणी मागितला, आणि नाही म्हणायची सोय होती का, हे विचारल्याशिवाय त्याला थोर म्हणणं म्हणजे नीतिविचार अर्धवट सोडणं.

तेव्हा या दिवाळीत अंक हातात आले की एक छोटा प्रयोग करा. एखादी कथा घ्या, पेन्सिल घ्या. बाईच्या नावापुढे येणारी क्रियापदं अधोरेखित करा, पुरुषाच्या नावापुढची वेगळी करा. ठरवतो, विचारतो, निघतो कुणाच्या वाट्याला आली. बघते, थांबते, गहिवरते कुणाच्या? मग निर्णय कुणी घेतला आणि त्याची झळ कुणाला लागली ते समासात लिहा. लेखक पुरुष आहे की स्त्री, हे शेवटी बघा, आधी नको.

पुढच्या व्याख्यानात आपण 'त्याग' याच संकल्पनेकडे नीतिशास्त्राच्या बाजूनं जाणार आहोत. त्याआधी जमलं तर 'द डार्लिंग' आणि 'स्त्रीर पत्र' या दोन्ही कथा वाचून या. आकारानं लहान आहेत, एका बैठकीत होतील. आणि वाचताना ओलेंका कचेरीत बसते ती वाक्यं सापडतात का, तेवढं पाहा.